भंगार म्हणे!

भावोजी, तुम्ही हे वाचणार मला माहितीये, म्हणून नाव घालत नाही. पण बोलणार आहे.

तर झालं असं की मी सध्या लेकीकडे आलेय, स्वित्झर्लंडला, बाझेलमध्ये. मिस्टरांचे मामेभाऊ आणि जाऊबाई युरोप टूरला आलेत, त्यातून एक दिवस काढून ते आज आमच्याकडे आले. आता पाहुण्यांना काय दाखवायचं, ऱ्हाईन दाखवली, ते लाल दगडाचं चर्च दाखवलं, आणि मग मी म्हटलं चला, माझी या गावातली सगळ्यात आवडती जागा दाखवते. थिएटरच्या समोर चौक आहे, त्यात टिंगेली नावाच्या स्विस शिल्पकाराचं कारंजं. आम्ही पोचलो, भावोजींनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे भंगार बघायला आणलंत होय? त्यापेक्षा शाफहाउजनचा धबधबा तरी झाला असता." बरं म्हणाले ते म्हणाले, वर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "इथे पण भंगारवाले आहेत, फक्त कचरा पाण्यात ठेवतात." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आमच्या घरचेच सगळे. गिरणगावातले सगळे!

मी तिथे काही बोलले नाही, पाहुणे आहेत. चहा करून दिला, पोहे दिले, स्टेशनवर सोडलं. आता लिहितेय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या डांबराचं उथळ तळं आहे, त्यात दहा लोखंडी आकृत्या उभ्या आहेत, काळ्या, हाडकुळ्या, चाकं दांडे नळ्या सगळं उघडं दिसतं. आणि सगळ्या हलतात. दिवसभर. एक फावड्यानं पाणी ढकलत बसतो, एक नुसता मान हलवतो, एक गोल गोल फिरत पाणी उडवतो, एक चाळण आहे ती पाणी उचलते आणि अर्थातच सगळं गळून जातं, तरी परत खाली जाते, परत उचलते. कशाचा कशाला उपयोग नाही. लग्नघरात नुसते इकडून तिकडे धावणारे काका असतात ना, काम शून्य पण घामाघूम, तस्से आहेत ते दहाही जण. लहान मुलं काठावर बसून पाण्यात पाय सोडतात, ऑफिसातली माणसं डबा खातात. लेक म्हणते कडाक्याच्या थंडीत त्यांच्यावर बर्फाच्या झालरी लटकतात आणि मग तर काय विचारू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जी भावोजींना सांगायचा मी प्रयत्न केला आणि त्यांनी ऐकली नाही. इथे आधी जुनं थिएटर होतं. ते 1975 मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याच्या स्टेजखालची आणि पडद्यामागची जी मशीनरी होती, त्यातले भाग घेऊन जाँ टिंगेलीनं हे कारंजं बनवलं, 1977 मध्ये सुरू झालं. म्हणजे जे लोखंड त्या जागेवर नाटकांसाठी राबत होतं तेच लोखंड त्याच जागेवर अजून हलतंय, आणि एका आकृतीचं नावच मुळी "थिएटरचं डोकं" असं आहे. माणूस याच गावात वाढलेला. त्याचा जन्मच मशीनशी खेळायला झाला होता, 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या बागेत त्यानं एक भलंमोठं यंत्र उभं केलं होतं जे लोकांसमोर स्वतःच स्वतःला मोडून टाकतं. असला अवली. 1991 ला गेला तो. नदीकाठी त्याचं म्युझियम आहे, तिथे बटण दाबलं की मशीन खडखडायला लागतात, मी तिथे इतकी रमले की लेक कंटाळून बाहेर जाऊन बसली.

आणि भावोजी म्हणतात भंगार.

आमचे बाबा गिरणीत फिटर होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायचे माग, आमच्याकडे त्यांना साचे म्हणतात, ते चालायचे तिथे. लालबाग परळच्या लोकांना वेगळं सांगायला नको. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर, आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी परत उघडली नाही ती नाहीच. नंतर कितीतरी वर्षांनी, मी तेव्हा कॉलेजात होते, चाळीत बातमी आली की आतले साचे बाहेर काढतायत. बाबा चप्पल अडकवून गेले, मी पण मागे गेले. फाटकाशी ट्रक उभा, आत गॅस कटरचा आवाज, आणि तुकडे करून करून काट्यावर टाकत होते. बाबा त्या भंगारवाल्याला म्हणाले, "अरे तो साचा चालू आहे, तो कापू नकोस, भिवंडीला कोणी पण घेईल." तो माणूस वाईट नव्हता हो, दमलेला होता, तो म्हणाला, "काका, चालू काय नि बंद काय, मला वजनाशी काम." मग बाबांनी एक गिअर मागितला, जेवणाच्या ताटाएवढा, आणि त्यानं तो वजन करून दिला. किलोच्या भावानं. बाबांनी खिशातले पैसे मोजून दिले आणि ते चाक उचलून घरी आणलं. जे चाक त्यांनी अर्धं आयुष्य स्वतःच्या हातानं तेल घालून फिरवलं होतं ते विकत घेतलं!

तर तो भंगार शब्द माझ्यासमोर जरा जपून वापरा.

मला माहितीये आता कोण काय म्हणणार. "त्यांच्याकडे पैसा आहे." आहे. बाबा रे, आहे त्यांच्याकडे पैसा, आणि हे कारंजं तर मिग्रोसनं गावाला भेट दिलंय, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या सुपरमार्केटसारखी इथली सहकारी संस्था. पण पैसा आपल्याकडे नाही का? गिरण्यांच्या जमिनींवर किती मजली टॉवर उभे राहिलेत ते मोजायला मान दुखते. 1991 च्या नियमात लिहिलं होतं की गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला, एक तृतीयांश स्वस्त घरांना, आणि मग 2001 मध्ये त्या नियमाचा असा काही अर्थ बदलला की वाटणीला उरली ती उरलीसुरली रिकामी जमीन. जाऊ दे, तो विषय काढला तर रात्रभर बोलेन. मुद्दा असा की चौक करायला जागा होती, ठेवायला मशीन होत्या, आणि त्या चालवता येणारी माणसं दहा बाय दहाच्या खोलीत रिकामी बसून होती.

आपण काय ठेवलं? चिमण्या ठेवल्या. फिनिक्स मिलची धुराची चिमणी आहे अजून, मॉलच्या मध्ये, लोक तिच्या खाली कॉफी पितात. छान दिसते, मी नाही म्हणत नाही. एका ऑफिसच्या लॉबीत तर मी साच्याचा तुकडा बघितला, सोनेरी रंग मारून, वर लाइट सोडून, काचेत. बाबा असते तर म्हणाले असते याला ग्रीस कुठून लावायचं? काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं म्युझियम होणार हे तर मी इतकी वर्षं ऐकतेय की आता नुसतं हूं म्हणते.

आणि दुसरी तऱ्हा म्हणजे भंगारापासून ताजमहाल. दिल्लीला सराय काले खाँजवळ 2019 मध्ये बाग केली, जुन्या लोखंडापासून जगातली सात आश्चर्यं, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, सगळं. गर्दी होते, मुलं खूश असतात, आणि लोखंड वाया जाण्यापेक्षा बरंच की ते, मान्य. पण मला सांगा, गाडीच्या पार्टला आयफेल टॉवर कशाला व्हायला लागतं? तो गाडीचा पार्ट होता, रस्त्यावर पळाला, झिजला, हे काय कमी आहे? त्याला वेषांतर करायला लावलं तरच तो बघण्यालायक? टिंगेलीच्या चौकात चाकाला चाकच राहू दिलंय, दांड्याला दांडा. म्हणून ते बघताना कळतं की हे काहीतरी ओढायचं, हे काहीतरी उचलायचं, इथे हात लागायचे कोणाचेतरी.

बाबा ते गिअर कॉटखाली ठेवायचे. आई वैतागायची, पायाला लागतं म्हणून, मग तिनंच ते लोणच्याच्या कैऱ्यांवर दाब द्यायला वापरायला घेतलं, फडक्यात गुंडाळून. पण दसऱ्याला ते बाहेर निघायचं. गिरणीत दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची, साच्यांना झेंडूचे हार, नारळ, पेढे, आम्ही पोरं नवे कपडे घालून बघायला जायचो. गिरणी गेली तरी बाबा दर दसऱ्याला ते चाक रॉकेलनं पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे, पाटावर ठेवायचे आणि हार घालायचे. शेजारचे हसायचे थोडे. मग हळूहळू शेजारचे साचेवाले पण येऊन हळद कुंकू वाहून जायला लागले, कोणी काही बोलायचं नाही. आपल्या लोकांना यंत्राला हात जोडायला कोणी शिकवायला नको, हो ना? मग चौकात ठेवलं की त्याचं भंगार कसं होतं?

लिहिता लिहिता जरा राग उतरलाय. भावोजींचं तरी काय चुकलं म्हणा. त्यांचे वडील पण संपानंतर भाजीच्या गाडीवर उभे राहिलेत, त्यांच्या घरात लोखंड म्हणजे विकायचं नाहीतर गंजायचं, तिसरं काही बघितलेलंच नाही. आपण चौकात मशीन बघतो ती बंद असते, भोवती कुंपण, आत प्लास्टिकच्या बाटल्या, पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव मोठं आणि मशीनचं नावच नाही. मग माणूस भंगारच म्हणणार. आणि बाझेलवाले पण काही संत नाहीत, चांगलं शंभर वर्षांचं थिएटर पाडलंच ना त्यांनी. पण याच गावानं 1967 मध्ये पिकासोची दोन चित्रं गावाबाहेर जाऊ नयेत म्हणून सार्वजनिक मतदान घेतलं होतं आणि लोकांनी साठ लाख फ्रँक सरकारी तिजोरीतून द्यायला हो म्हटलं होतं. चित्रांसाठी! आपल्याकडे असं मतदान घेतलं तर काय होईल याचा विचार करून मी मघाशी भांडी घासता घासता एकटीच हसले.

मला फार मोठं काही नकोय. भारतमाता टॉकीजच्या आसपास कुठेतरी, नाहीतर करी रोडला, एक छोटा चौक, त्यात एक खरा साचा, हलणारा. कापड विणायला नको त्यानं, नुसता धोटा इकडून तिकडे जाऊ दे, खडखड होऊ दे. इथल्यासारखं कमी व्होल्टेजच्या मोटरवर चालवा, म्हणजे कोणाला शॉक नको लागायला. आवाजाचा त्रास होईल म्हणणाऱ्यांनी गणपतीतल्या डीजेबद्दल आधी बोलावं. तांब्याची वायर चोरीला जाईल, हे मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि कमेंटमध्ये "मेंटेनन्स कोण करणार" असं विचारायला जे कोणी बोटं सरसावून बसलेत त्यांनी खुशाल विचारा. फक्त त्याआधी आपापल्या वॉर्डातलं कारंजं शेवटचं कधी चालू होतं तेवढं लिहा. फोटोसकट. भावोजी, पहिली कमेंट तुमची.