इंडक्शन शेगडी आणि थ्री-फेज मीटर : खुलासा

‘इंडक्शन शेगडी घेतली की महावितरण थ्री-फेज मीटर सक्तीचे करते’ असा संदेश सांगलीतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर वीज घेते, त्यामुळे ती सिंगल-फेजवर, म्हणजे घरातल्या नेहमीच्या जोडणीवर, चालते. मात्र बिलावरील मंजूर भार (घराला एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज) अपुरा असेल, तर वाढीव भारासाठी अर्ज करावा. पूर्ण क्षमतेवर अर्धा तास चालल्यास १ युनिट पडते, आणि महिन्याचा वापर १०० युनिटांपुढे गेल्यास पुढील युनिटांचा दर वाढतो, हे खरे. खरी काळजी वाटते ती वेगळीच : ओट्यावरच्या जुन्या छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून शेगडी चालवली, की पिनेभोवतीचे प्लास्टिक तापून तपकिरी पडू लागते. तिथे अर्थिंगसह १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट परवानाधारक वायरमनकडूनच काढून घ्यावा.