साक्षीदार क्र. १

रविवारी एक सही घ्यायला गेलो होतो, दोन घेऊन आलो, आणि तरीही नुकसानीत आहे.

आधीच कबूल करतो की माझं वय एक्केचाळीस आहे, मला फुटबॉलच्या कार्डांवर खेळाडूंच्या समोरासमोर सह्या घ्यायचा नाद आहे आणि घराबाहेर हा नाद मी भाच्याचा आहे म्हणून सांगतो. भाचा चोवीस वर्षांचा आहे आणि बंगलोरला नोकरी करतो, हे मात्र सांगत नाही.

तर विश्रामबागच्या पुढं एका नव्या टर्फचं उद्घाटन होतं आणि पाहुणा म्हणून कोल्हापूरचा एक खेळाडू येणार होता. नाव घेत नाही, बिचाऱ्याची काही चूक नाही. कोल्हापुरात फुटबॉलचं काय वेड आहे ते सांगलीकराला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी तालमींची मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात, पण तिथं सही कोण मागत नाही. कारण सेंटर फॉरवर्ड शेजारच्या गल्लीत राहतो आणि सकाळी दूध आणायला जाताना दिसतो, त्याची सही काय घ्यायची. आम्ही पन्नासेक किलोमीटर लांब, म्हणून आम्हाला अप्रूप. आणि आमच्याकडं सगळी भक्ती क्रिकेटला वाहिलेली. विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधना सांगलीची, आणि २०२५ चा वर्ल्ड कप जिंकल्यापासून तर गावात असा एक माणूस उरला नाही ज्यानं तिला लहानपणी नेटमध्ये बॉल टाकलेला नाही. अशा गावात फुटबॉलचं कार्ड घेऊन फिरणाऱ्याकडं लोक जरा काळजीनंच बघतात.

कार्डाचीही भानगड सांगतो. पानिनी कंपनीनं १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला स्टिकरचा अल्बम काढला तेव्हापासून तिकडची पोरं पाकिटं फोडतायत, आम्ही आपले शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांच्या छातीची मापं लावून ट्रम्प कार्ड खेळलो. मॅच अटॅक्स या फुटबॉल कार्डांची पाकिटं आपल्याकडं बऱ्याच उशिरा आली आणि त्यात सगळे मँचेस्टर, चेल्सीवाले. त्यातला कोणी टर्फची फीत कापायला सांगलीला येईल असं वाटत नाही. म्हणून मी आपल्या खेळाडूंची कार्डं स्वतःच छापून घेतो. प्रिंटिंगवाला म्हणाला साडेतीन बाय दोन करा, व्हिजिटिंग कार्डाची साईझ, पटकन होतंय. मी म्हणलं अडीच बाय साडेतीन इंचच पाहिजे, जगभर तीच साईझ आहे. त्यानं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पालिकेला हुबं ऱ्हायलंय का कोण?" एका शीटवर वीस बसतात म्हणून वीस घेतली. लॅमिनेशन फुकट मारून देतो म्हणत होता, नको म्हणलं तर रागावला.

लॅमिनेशन का नको, तर चकचकीत पृष्ठभागावर मार्करची शाई मुरतच नाही, वर बसून राहते आणि अंगठा लागला की गेली. साधं ग्लॉसी कार्ड असलं तरी तोच ताप. त्यावर जुना इलाज म्हणजे जिथं सही हवी तेवढ्या जागेवर हलक्या हातानं पांढरा खोडरबर फिरवायचा आणि वरून थोडी टाल्कम पावडर चोळून पुसून टाकायची, चमक मरते आणि शाई धरते. मी कार्डाच्या तळाला बुटांच्या खाली दोन बोटं पांढरी पट्टी सोडून घेतली होती, तेवढीच घासली. शनिवारी रात्री साडेअकराला डायनिंग टेबलवर कार्डाला पावडर लावत बसलेल्या नवऱ्याकडं बघून बायको एवढंच म्हणाली, "तीट पण लावू का?"

कार्यक्रम पाचचा होता. मी पावणेपाचला हजर. साडेसहापर्यंत स्टेजवर फक्त एक माणूस होता आणि तो हॅलो हॅलो म्हणत होता.

अशा थांबण्याची मला सवय आहे. २०१४ ला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्याच सीझनमध्ये पुण्याच्या टीमकडून चक्क त्रेझेगे खेळायला आला होता. युरो २००० च्या फायनलला गोल्डन गोल मारून फ्रान्सला कप देणारा आणि २००६ च्या वर्ल्ड कप फायनलला पेनल्टी क्रॉसबारवर मारणारा तोच, आणि तो बालेवाडीला! मी एसटीनं पुण्याला गेलो, तीन तास गेटवर उभा राहिलो, टीमची बस आली, काळी काच, आतून कुणीतरी हात हलवला. हात हलवला की पडदा सरकवला यावर माझं आणि माझ्या मित्राचं आजही एकमत नाही. ते कार्ड अजून कोरं आहे.

असो. तर साडेसहाला माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात भडंगाचा कागद. नातू आत प्रॅक्टिसला होता. थोडा वेळ त्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडं तिरकं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कधी वारला?"

"कोण?"

"ह्यो. खाली जागा सोडलीया म्हणून म्हणलं, तारीख टाकायची असंल."

मी सांगितलं की वारला नाही, आत्ता येणार आहे आणि त्या जागेत सही करणार आहे. सही म्हणल्याबरोबर आजोबांचा चेहरा जो काय उजळला, त्यांनी भडंगाचा कागद चुरगाळून खिशात घातला, हात झटकले आणि खुर्ची माझ्याकडं वळवून घेतली.

"बत्तीस वर्षं बाँड रायटर होतो मी. सही ह्या विषयात मला इचारा."

मी काही विचारलं नव्हतं.

"कशाबद्दल सही देतोय?"

"कशाबद्दल म्हणजे... नुसतीच."

"मोबदला काय ठरलाय?"

"काहीच नाही. आठवण म्हणून."

आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे कोऱ्या जागंवर सही देणार, मोबदला न्हाई, मजकूर न्हाई. आणि वर मजकूर कोण लिवणार? तुमीच की नंतर." आता त्यांची नजर बदलली होती. "अशी सही घिऊन वर मजकूर चढवलेले दस्त बघितलेत मी. सव्वा एकर हळदीचं रान गेलं एकाचं. असाच हसत हसत आलता माणूस सही घ्यायला. तुमच्यासारखाच, चष्मा होता."

मी शपथेवर सांगितलं की मला या खेळाडूचं रान नको. त्यांचा विश्वास बसला की नाही माहीत नाही, पण यापुढं हे प्रकरण कायदेशीर कसं करायचं हे त्यांनी मनावर घेतलं. पहिली गोष्ट, स्टॅम्प. शंभराचा आता चालत नाही, पाचशेचा लागतो. दुसरी, तारीख आणि ठिकाण, तारखेशिवाय सही म्हणजे लग्नाशिवाय वरात. तिसरी, दोन साक्षीदार आणि साक्षीदारांनी सही होताना डोळ्यांनी बघितलेली पाहिजे. "आणि खरं म्हणाल तर सहीच घिऊ नका. अंगठा घ्या. डावा. सही बदलती वो माणसाची, अंगठा मरंपर्यंत बदलत न्हाई. खाली लिवायचं नि. डा. अं. म्हंजे निशाणी डावा अंगठा."

मला हसू येत होतं, पण सांगायचं तर माणूस बरोबर बोलत होता. सही बदलतेच. नवखा खेळाडू अख्खं नाव घोटून लिहितो, पाच वर्षांनी आडनाव गळतं, दहा वर्षांनी एक वेलांटी आणि जर्सीचा नंबर एवढंच उरतं. मग शाईवरून निघालं, मी म्हणलं सही निळ्या मार्करनं घ्यायची, काळ्यानं घेतली तर छापल्यासारखी दिसते. आजोबा जवळजवळ उभेच राहिले. "हेच! बत्तीस वर्षं हेच सांगत आलो पक्षकाराला. काळ्यानं केली की झेरॉक्स वाटती, अस्सल कळत न्हाई!" आणि मग त्यांनी मला खोटी सही ओळखायची युक्ती सांगितली. माणूस दोनदा सही करतो तेव्हा ती कधीच हुबेहूब येत नाही, थोडी इकडंतिकडं होतेच, म्हणून दोन सह्या तंतोतंत जुळल्या की समजायचं त्यातली एक तरी खोटी. मी त्यांना सांगितलं की परदेशात सही करणारं मशीनच असतं, ऑटोपेन म्हणतात, खऱ्या पेनानंच लिहितं पण दरवेळी तीच सही, आणि असल्या सह्या लोकांना अशाच जुळवून पकडतात. आजोबांना हे ऐकून फार वाईट वाटलं. "मशीन सही करतंय," ते म्हणाले, "मग समक्ष कोणाच्या?"

मला पुढं काही सुचलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या नादावर एवढं गंभीरपणे कोणी बोललं नव्हतं, घरात तर नाहीच.

पाहुणे साडेसातला आले. मग फेटा, शाल, श्रीफळ, मग खेळाडू सोडून बाकी सगळ्यांची भाषणं. एका वक्त्यानं युवा पिढी मैदानाकडं वळली पाहिजे असं पंधरा मिनिटं सांगितलं, टर्फ तासाला हजार रुपये आहे. गावातली मोकळी मैदानं सभेला, प्रदर्शनाला आणि दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलला जातात आणि मग युवा पिढी हजार रुपये काढून प्लास्टिकच्या गवतावर वळते. आम्ही चिखलात खेळलो, गुडघे फुटले, पण खिशात दमडी लागली नाही. हे मी शेजारी हळू आवाजात म्हणलं तर आजोबा म्हणाले, "करार किती वर्षांचा हाय जागंचा?"

खेळाडू खाली उतरला आणि जत्रा उसळली. सेल्फी, सेल्फी आणि सेल्फी. सही ही गोष्ट लोक विसरलेत असं मला वाटत होतं, पण माझ्या हातात मार्कर दिसला आणि सगळ्यांना आठवली. "काका मार्कर द्या की एक मिनिट." त्या मार्करनं बॉलवर, मोबाईलच्या कव्हरवर, एका पोराच्या हाताच्या प्लास्टरवर आणि एका ताईंच्या पर्सवर सह्या झाल्या. ऑनलाईन मागवलेला शार्पी आहे तो, आणि मी माझ्याच मार्करच्या मागं अर्धा तास फिरत होतो. एक स्वयंसेवक मला सारखा मागं ढकलत होता, लहान मुलांना आधी. शेवटी मी कार्ड पुढं केलं. खेळाडूनं कार्ड बघितलं, त्याला ते खरंच आवडलं, "अरे, हे कुठं छापलं?" म्हणाला. सोबत आणलेली आणखी दोन कार्डं मी हळूच पुढं सरकवली तर हसून म्हणाला, "एकच हं काका." हे त्यांचं बरोबरच असतं, चारचार सह्या घेऊन विकणारे असतातच. मी बोटानं खालची पट्टी दाखवली, नेमकं तेव्हाच त्याला कोणीतरी दंडाला धरून ओढलं आणि त्यानं घाईत सही केली ती वर, जर्सीच्या छातीवर, जिथं पावडर नव्हती तिथं. शेजारी लिहिलं, "प्रिय काकांस."

एक्केचाळीस हे काही काका म्हणायचं वय नाही. बरं, म्हणायला ठीक आहे, लिहून कशाला द्यायचं?

तरी सही होती. ओली, निळी, नंबरासकट. कार्ड कडेला धरून मी फुंकर मारायला घेतलं तर बाजूनं एक हात आला, "द्या हिकडं", आणि कार्ड आणि मार्कर दोन्ही गेलं. आजोबांनी कार्ड डाव्या तळहातावर घेतलं, अंगठ्यानं वरून घट्ट दाबलं, आणि मला तोंड उघडायच्या आत बत्तीस वर्षांच्या सरावानं खालच्या पट्टीवर लिहून मोकळे झाले. "समक्ष", खाली पूर्ण नाव, आडनावावरून मागं फिरून आलेली रेघ, रेघेखाली दोन टिंबं, तारीख, मु. सांगली.

एवढी सुंदर सही मी आयुष्यात घेतली नाही. शाई अशी मुरली त्या पट्टीवर, कुठं फुटली नाही, पसरली नाही. पावडरीचं काम शंभर टक्के झालं होतं.

मग त्यांनी अंगठा उचलला. खेळाडूची सही अंगठ्यावर होती. कार्डावर राहिली एक निळी जळमट, तिच्यात स्पष्ट उमटलेल्या रेषा, आणि त्यातून कसंबसं वाचता येणारं "काकांस".

"आयला," आजोबा म्हणाले. मग कार्ड लांब धरून बघितलं. "पण डावाच उमटलाय."

घरी आल्यावर कापसाला सॅनिटायझर लावून खालचं पुसायचा प्रयत्न केला. पुसलं गेलं ते वरचं "काकांस". खालचं हललं नाही, हलणार कसं, चमक मीच घासून काढलेली. बायकोनं चष्मा लावून कार्ड वाचलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे हो यांचं. कुठल्या टीमकडून खेळतात?"

आजोबांनी जाताना माझा नंबर घेतला होता, साक्षीदाराला एक प्रत द्यायची असते म्हणून. सोमवारपासून दोनदा फोन आला. कलर झेरॉक्स पाहिजे म्हणाले, दोन्ही बाजूंची. मी म्हणलं, मागची बाजू कोरी आहे हो. तर एकदम गंभीर झाले. म्हणाले, कोरी ठेवू नका, आजच तिरकी रेघ मारून घ्या.