फ्रिज, मीटर आणि खालचे काका

आज सकाळी सात वाजता फ्रिज उघडला तर आत अंधार, फ्रीजरमधून पाण्याचा ओघळ, आणि इडलीचं पीठ डब्याचं झाकण ढकलून वरच्या जाळीला चिकटलेलं. तीन पिशव्या दूध गेलं. आणि हे सगळं एका साडेआठशे रुपयांच्या मीटरपायी.

मागचं बिल 318 युनिटचं आलं, 300 च्या वर गेलं की पुढचं प्रत्येक युनिट महागड्या स्लॅबमधलं, म्हणून कुठली वस्तू किती वीज खाते ते दाखवणारं, सॉकेटात खोचायचं मीटर मागवलं. फ्रिजचं सॉकेट त्याच्याच मागे, जमिनीपासून वीतभर, त्यामुळे रीडिंग पालथं पडून मोबाइलच्या टॉर्चनं घ्यायचं. पहिले दोन दिवस मजा आली. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी 11 वॅट खात बसतो, म्हणजे महिन्याला आठेक युनिट, कुणी काही न बघता! खरा खादाड गिझर, 2000 वॅटचा, अर्धा तास तापला की एक युनिट गेलं, पण त्याची जाड पिन या मीटरात जातच नाही. म्हणून मी आपले मोबाइलचे चार्जर मोजले आणि मग मीटर फ्रिजला लावलं.

अशात काल रात्री खालचे काका आले.

"हे स्वतः किती खातं रे?"

"नगण्य हो काका, एखादा वॅट."

"पण खातं ना? मग ते कोण मोजतं?"

"ते बाहेरचं मीटर मोजतं की."

"ते तर सगळंच मोजतं. मग हे कशाला?"

याला मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही, आणि खरा राग त्याचाच आहे.

गुडघ्यांमुळे सोसायटीच्या मीटिंगला वर्षभर न आलेले हे गृहस्थ सतरंजी मागून घेऊन फ्रिजमागे आडवे झाले. "एकशे बारा... एकशे दहा... अरे, गेलं! बंद पडला तुझा फ्रिज!" म्हटलं बंद नाही, आतलं गार झालं की कॉम्प्रेसर थांबतो. "म्हणजे मधेमधे आराम करतो? आमच्या ऑफिसात होता असा एक." मग त्या एकाची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी, प्रमोशनसकट. बायकोनं चहा-बिस्किटं फरशीवरच नेऊन ठेवली.

आणि उठताना काकांनी सॉकेटचं बटण बंद केलं. काम झालं की बटण बंद, जन्माची सवय. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आज आठ वाजता परत हजर. "किती झालं?" परवाच्या दिवसाचं 0.94 युनिट, कालचं 0.51.

"बघ! निम्म्यावर आणलं!"

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर: 'तिसऱ्या मजल्यावर वीजबचतीचा प्रयोग यशस्वी.' खाली एकोणीस अंगठे. माझं दूध नासलंय हे लिहायला गेलो तर बायको म्हणाली, राहू दे, अजून हसं होईल.

बरं, एवढं करून बिलात स्थिर आकार आहेच, आठ दिवस गावी जाऊन बसलात तरी येतो. वीज घरापर्यंत आणायचा वहन आकार आहे. वर 16 टक्के वीज शुल्क. हे कुठल्या सॉकेटात खोचून मोजायचं ते सांगा. आम्ही इथे अकरा वॅटसाठी पालथे पडतोय!

पीठ टाकवेना म्हणून बायकोनं उत्तप्पे घातले. काकांनी तीन खाल्ले आणि विचारलं, "पीठ इतकं मस्त कसं काय आंबलं गं?"