'हजेरी नको, फक्त परीक्षेला या': भाचीच्या फोनवर आलेल्या मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

रविवारी सकाळी नाईट करून घरी आले, चप्पल काढते तोच भावाचा फोन. "ताई, तो माणूस म्हणतोय आज टोकन भरलं तर पन्नास हजार कमी करतो. पाठवू का?" कसलं टोकन म्हणून विचारलं, तर त्यानं एक मेसेज पुढे ढकलला. हाच मेसेज नंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, वहिनीच्या माहेरच्या ग्रुपवर आला, आणि मी जिथे नोकरी करते तिथल्या मावशींनीही मला तो दाखवला. त्यांचीही मुलगी बारावीला आहे.

मेसेज असा: "बारावी सायन्स झालीय? इंजिनिअर बेकार फिरताहेत, नर्स मिळत नाहीत! बी.एस्सी. नर्सिंग करा. नोकरीची १०० टक्के हमी. जर्मनीत महिना ३ लाख. सीईटीची गरज नाही. कॉलेज सरकारमान्य. हजेरीची सक्ती नाही, फक्त परीक्षेला या. संपूर्ण पॅकेज ६ लाख, एका वर्षात वसूल."

बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. आधी जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीची बी.एस्सी. नर्सिंग करू नका असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण हा मेसेज वाचून झोप उडाली, आणि नाईटनंतरची झोप उडवणाऱ्याला मी सहसा सोडत नाही.

आधी "हजेरीची सक्ती नाही" हेच घेते, कारण बाकी थापा खिशाला लागतात, ही पेशंटच्या जिवावर उठते.

नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचे सुधारित नियम आणि अभ्यासक्रम काढला. आठ सत्रांचा. त्यात लिहिलंय की परीक्षेला बसायला थिअरीत किमान ८० टक्के हजेरी हवी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरलेली हवी. शंभर. आजारी पडलात तर त्या ड्यूट्या नंतर भरून काढायच्या. म्हणजे "फक्त परीक्षेला या" म्हणणारं कॉलेज तुमच्या मुलीच्या नावावर चार वर्षं खोटी हजेरी लावणार, तिनं न केलेल्या प्रसूती आणि न दिलेली इंजेक्शनं लॉगबुकात लिहिणार, आणि खाली सही मुलीची असणार.

यात कसली सवलत? पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल दिसायला साध्या पाण्याच्या अँप्युलसारखीच असते. ते औषध सलाइनमध्ये पातळ करून, थेंब मोजत द्यायचं असतं. तसंच सरळ शिरेत ढकललं तर पेशंटचं हृदय बंद पडतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे आणि ती ओळ कुणीही पाठ करेल. पण रात्री तीन वाजता दोन पेशंट एकदम सीरियस झालेले, नातेवाईक ओरडताहेत, तेव्हा अँप्युल फोडण्याआधी लेबल वाचायचं, आणि परत एकदा वाचायचं, हे हातात बसावं लागतं. माझ्या हातात ते एका इन्चार्ज सिस्टरनं चापट मारून बसवलं. तेव्हा राग आला होता.

आमच्याकडे मध्यंतरी अशीच एक पोरगी आली होती. कुठल्या राज्यातलं कॉलेज ते सांगत नाही. मार्कशीट झकास. पहिल्या दिवशी रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, टाकायला सांगितली तर ती ट्यूब हातात धरून नुसती उभी राहिली, आणि मग रडायला लागली. तिला बोलून उपयोग नव्हता. तिच्या वडिलांनी शेत गहाण टाकून फसवणूक विकत घेतली होती आणि तिला ते इतक्या वर्षांनी, माझ्यासमोर कळत होतं.

आता गंमत बघा. त्याच मेसेजात वर "जर्मनीत महिना ३ लाख" आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला आपल्याच दोन ओळी एकमेकींच्या मुळावर उठल्यात हेही कळलेलं नाही. जर्मनीत परदेशी नर्सच्या पदवीला मान्यता देताना प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास किती आणि प्रॅक्टिकलचे किती, हे कागदावर मागतात. कमी पडलं तर तिथे शिकून भरून काढायचं किंवा परीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेचा एक भाग प्रत्यक्ष पेशंटजवळ होतो. इंग्लंडला जायचं म्हटलं तरी तिथे करून दाखवायची परीक्षा आहेच. रायल्स ट्यूब धरून रडणाऱ्या पोरीला तिथे कोण पास करणार?

तीन लाखांचा आकडा मात्र अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजानं कबूल करते. मान्यता मिळालेल्या नर्सचा जर्मनीतला पगार रुपयांत तेवढ्याच्या आसपास जातो. पण तो कपातीआधीचा. कर, आरोग्य विमा, पेन्शन वजा झाले की एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश उरतात, आणि त्यातून घरभाडं जायचं असतं. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम. त्याआधी जर्मन भाषा, बी-२ म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल अशा पातळीपर्यंत. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, ते दोन महिन्यांचं काम नाही. शिवाय तिकडे पाठवतो म्हणणाऱ्या एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. भावाकडे या माणसानं "जर्मनी प्रोसेसिंग"चे दीड लाख वेगळे सांगितले होते.

"१०० टक्के नोकरी." नोकरी मिळते हो. अर्धं सत्य म्हणतात ते हेच. बी.एस्सी. झालेली नर्स घरी बसून राहिली असं मी फारसं पाहिलेलं नाही. पण कितीवर? राज्य सरकारात अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, एम्समध्ये ४४,९०० पासून, वर भत्ते. एम्सच्या परीक्षेला बी.एस्सी.वाली थेट बसते, जी.एन.एम.वालीला आधी ५० खाटांच्या तरी हॉस्पिटलात दोन वर्षं काढावी लागतात, तेव्हा डिग्रीचा फायदा खराच. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी झाली तर कंत्राटी २५,००० आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. या जागा मोजक्या, अर्ज ढिगानं. उरलेल्या मुली जातात खासगीत.

खासगीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २९ जानेवारी २०१६ ला केंद्राला समिती नेमायला लावली. त्या समितीनं म्हटलं, २०० च्या वर खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका द्या, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना २०,००० च्या खाली जाऊ नका. शिफारस आहे, कायदा नाही. आमच्या तालुक्यातल्या नर्सिंग होममध्ये आजही पोरी बारा-तेरा हजारांवर डबल ड्यूटी करतात. दोघींची तर मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात आहेत.

आता "एका वर्षात वसूल" करून दाखवा. सहा लाख कर्ज, ११ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता दहा हजारांच्या वर जातो. तेरा हजारांतून दहा गेले की पोरगी राहणार कुठे आणि खाणार काय? हाच हप्ता सरकारी पगारातून सहज फिटतो. डिग्री तीच आहे.

"सरकारमान्य" या शब्दावर मी फार वेळ घालवत नाही. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयानं नर्सिंग कॉलेजं तपासायचं काम सीबीआयला दिलं आणि २०२४ मध्ये तपासायला गेलेले अधिकारीच लाच घेताना सापडले. कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल आहे का, ते जाऊन बघा. दुपारी जा, न सांगता. खाटांवर पेशंट आहेत का तेही बघा.

राहिलं "सीईटीची गरज नाही". एजंटच्या सीटला नसेल. पण आपल्या राज्यात खरी बचत सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेश फेरीतच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की माफी गेली. खासगी कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तो आकडा एजंटच्या पॅकेजशेजारी ठेवून बघा. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं हा खर्च राहतोच, तो कुणी माफ करत नाही.

भावाला मी फोनवर हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की टोकन भरलंस तर मी घरी यायची नाही. तो चिडला. भाचीनं मात्र दुपारी स्वतः फोन केला. "आत्या, माझी सीईटी झालीय गं, मार्क बरे आहेत, पण बाबा म्हणतात फेरीत नंबर लागला नाही तर वर्ष वाया." लागला नाही तर जी.एन.एम.चा फॉर्मही भरून ठेवू म्हटलं. उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नाही, नॉन क्रीमी लेयरची मुदत मार्चमध्येच संपलीय. सोमवारी माझा ऑफ आहे, दोघी तहसीलला जाणार आहोत.