लोखंडी सामान, एक पोते

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तूला वेल्डिंग मारून घ्या, असा सल्ला देणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावे हे मला काल रात्री सुचले नाही, आणि त्यामुळे आज सकाळपासून माझे डोके तापलेले आहे. वडिलांचा लाकूड तासायचा पाच नंबरचा बिडाचा रंधा, चौदा इंच लांबीचा, त्यांनी ऐन पंचविशीत मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून पैसे साठवून आणलेला, पुण्याहून नाशिकला घर हलवताना तोंडापाशी तडकला. मी तो तेल लावून, पाते आत ओढून, कापडात गुंडाळून स्वतंत्र लाकडी खोक्यात ठेवला होता आणि खोक्यावर तिन्ही बाजूंनी ‘हातात न्यावे’ असे लिहिले होते. खोक्यात जागा शिल्लक दिसते म्हणून सामान बांधणाऱ्यांनी ते उघडले, त्यात मिक्सरची भांडी बसवली आणि रंधा काढून सी-क्लॅम्पांच्या, म्हणजे लाकूड आवळून धरायच्या लोखंडी शिकंज्यांच्या, पोत्यात टाकला. त्यांच्या यादीत या पोत्याची नोंद ‘लोखंडी सामान, १ पोते’ अशी आहे. ते पोते ट्रकमधून खाली कसे उतरवले गेले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते उतरवले नाही, टाकले.

“काका, एवढं काय त्यात, वेल्डिंग मारून घ्या, नव्यासारखा होईल,” असे त्यांचा सुपरवायझर म्हणाला. तो मोबाइलवर पुढच्या घराचा पत्ता पाहत होता आणि बोलताना त्याने मानही वर केली नाही.

बीड म्हणजे पोलाद नव्हे. पोलाद धक्का बसला तर वाकते, बीड तडकते, आणि एकदा तडकले की ते साध्या रॉडने सांधता येत नाही, कारण सांध्याच्या शेजारचा भाग कडक होऊन पुन्हा फाटतो. निकेलचा रॉड घेऊन, सगळी वस्तू आधी तापवून आणि नंतर तासन्‌तास हळूहळू निववत हे काम करणारे कारागीर आहेत, परंतु एवढ्या उष्णतेनंतर रंध्याचा तळ सरळ राहील याची हमी तेही देत नाहीत, आणि मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तो तळ पुन्हा सपाट करण्यात कित्येक दिवस जातात. शिवाय तडा गेला आहे तो तोंडापाशी, म्हणजे जिथे केसभर फटीवर लाकडाचे पातळ सालपट सुबक निघणार की उचकटून फाटणार हे ठरते, नेमका तिथे. ज्या हातांनी तो रंधा चाळीस वर्षे चालवला, ते हात आता नाहीत. त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली मूठ शाबूत आहे, एवढेच.

पोती उचलणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. पहाटेपासून जुलैच्या पावसात तीन मजले वर-खाली करणाऱ्या त्या पोरांना कोणी काही शिकवलेले नव्हते, आणि कोणत्या खोक्यात काय आहे हे सांगण्याचे ज्याचे काम होते तो माणूस दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसून होता. फ्रिजला मात्र दोन थरांचे आवरण, कोपऱ्यांना थर्माकोल आणि ‘नाजूक’ असे लाल स्टिकर. बाजारात उद्या नवा मिळेल अशा वस्तूला एवढी काळजी, आणि पुन्हा मिळणारच नाही अशा वस्तूला पोते.

तोच फ्रिज ट्रकमध्ये चढवण्यासाठी त्यांनी माझ्या सागवानाच्या फळ्यांचा उतार केला. बल्लारपूरच्या सागवानाच्या या दीड इंची फळ्या मी मधे पट्ट्या घालून, टोकांना मेण लावून सहा वर्षे हवेत वाळवल्या होत्या. इंचाला एक वर्ष हा आमच्याकडचा ठोकताळा आहे आणि मी त्याच्याही कितीतरी पट थांबलो होतो, कारण त्यातून मुलीच्या घरासाठी कपाट करायचे होते. पावसात, चिखलात, लोखंडी चाकांखाली त्या फळ्या घातल्या गेल्या. चाकांचे व्रण एक वेळ रंधून निघतील, पण लाकडाच्या रेषांत रुतलेली रेव सहज निघत नाही, आणि तिच्यावरून पाते फिरले की धारेत दाते पडतात. वर उरलेल्या दोन फळ्यांवर कोणीतरी जाड काळ्या मार्करने ‘किचन’ असे लिहून ठेवले आहे. सागवान तेलकट असले तरी मार्करची शाई त्यात किती खोल उतरते, हे मला आता कळले.

कामाच्या बाकाची गोष्ट तर मला लिहवत नाही. ते बाक मी मुद्दाम खाच-कुसवाचे, म्हणजे एका तुकड्याची जीभ (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवून, केले होते, बाभळीच्या पाचरी काढल्या की दहा मिनिटांत सुटे व्हावे म्हणून. पाचर अरुंद टोकाकडून ठोकली की बाहेर येते, एवढे मी त्या मुलाला दोनदा दाखवले होते. मी रिक्षा थांबवायला खाली गेलो तेवढ्यात त्याला कोणी घाई केली, त्याने रुंद टोकाकडून घणाचे घाव घातले आणि पाचर आत घुसत जाऊन कुसू उभे चिरले. मग “पाय कापू का, लिफ्टमध्ये बसत नाही,” असे विचारायला एक जण माझ्यामागे खाली आला.

लिफ्टचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या सोसायटीत सोफा लिफ्टमधून जात असे, मार्बल जात असे, लग्नाचे मांडवसामान जात असे, पण माझी एक फळी नेली की भुसा पडतो अशी लेखी तक्रार येई. दुपारी दोन ते चार हातकरवतीचा आवाज चालत नसे, आणि वरच्या मजल्यावर फरशी फोडायचे यंत्र मात्र आठवडाभर चाले. इमारत पुनर्विकासाला गेली आणि ताबा देण्याची तारीख ठरली, तेव्हा “आता तरी तो पसारा भंगारात द्या,” असे सांगणारे नातेवाईक पेढे घेऊन आले. पेढे खाऊन झाल्यावर त्यातल्याच एकाने रंगाचा डबा उघडायला माझी पाऊण इंची पटाशी मागितली. मी ती दिली नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा दिली होती, तेव्हा धारेचा कोपरा तुटून परत आली होती, आणि तो कोपरा घासून पुन्हा पंचवीस अंशांवर आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

या वेळी पटाश्यांचा संच मी कोणाच्याही हाती दिला नाही. प्रत्येक पात्यावर बागेच्या जुन्या नळीचा तुकडा चढवून तो संच मांडीवर घेऊन मी बसने नाशिकला आलो, आणि एवढ्या एका गोष्टीचे नुकसान झाले नाही. बँडसॉ, म्हणजे फिरत्या पट्टीच्या पात्याचे करवतयंत्र, मात्र त्यांनी टेबलाला धरूनच उचलला, धरू नका म्हणून सांगितले असतानाही, त्यामुळे टेबलाचा पात्याशी काटकोन राहिलेला नाही. त्यावरून प्लास्टिक इतके घट्ट गुंडाळले की पावसाचे पाणी आतच कोंडले आणि दोन दिवसांत बिडाच्या टेबलावर तांबूस थर चढला. स्पिरिट, थिनर आणि चपड्याचे पॉलिश नेण्यास त्यांनी नकार दिला, तो योग्य होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्वालाग्राही वस्तूंचा नियम त्यांना पाठ आहे, मग लोखंड पाण्यापासून जपावे हे का पाठ नसावे?

काल रात्री कागद काढून पाहिले. संपूर्ण कार्यशाळेची किंमत त्यांनी पाच हजार रुपये लिहिली होती आणि त्याखाली माझी सही आहे. पावसाची सर येत होती, ट्रक रस्ता अडवून उभा होता, मी न वाचता सही केली, आणि ही चूक माझी आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार, जादा जोखमीचा दर भरण्याचे आधी स्पष्टपणे मान्य केले नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते, आणि दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. मी ती देणार आहे. पैसे किती मिळतील याचा विचार मी केलेला नाही.

आज सकाळी त्या नोटिशीचा मसुदा लिहायला बसलो. मुलीने माझ्यासाठी त्यांच्या यादीवरून पहिली ओळ उतरवून ठेवली होती. त्यातले ‘लोखंडी सामान, १ पोते’ हे शब्द मी खोडले आणि त्यांच्या जागी ‘पाच नंबरचा रंधा, वडिलांचा’ असे लिहिले.