खरखर, अस्वलं आणि हायफेट्झ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिनिश संगीतकार सिबेलियसच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोवरच्या (म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक जुना श्रोता' अशी सही करून लिहिलंत, ते वाचून आधी राग आला. म्हणून उत्तराला आठवडा लावला. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. फ्रेंच व्हायोलिनवादक जिनेट नेव्हूचं १९४५चं ध्वनिमुद्रण मी पहिल्या क्रमांकावर ठेवलं आणि व्हायोलिनवादक हायफेट्झचं शिकागोतलं १९५९चं 'थंड' म्हणून चौथ्यावर ढकललं. तुमच्या मते मला संगीत नाही, जुन्या तबकडीची खरखर आवडते. नेव्हू तरुणपणी गेली म्हणून मी हळवी झाले आहे. तिच्यामागचा ऑर्केस्ट्रा विस्कळीत आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची तिची घसीट 'जुनाट' आहे, हायफेट्झ एकही सूर चुकत नाही, या कॉन्चेर्टोचं पहिलं ध्वनिमुद्रण तिचं ही माहितीच चूक आहे, आणि पाश्चात्त्य संगीताला मी आपल्या मैफलीची फूटपट्टी लावते. शिवाय 'हायफेट्झ मोबाईलवर ऐकला असेल' असा एक टोलाही होता.

तो टोला बसला. मोबाईलवर नाही, पण स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकला होता. नेव्हू मात्र हेडफोन लावून, दिवा मालवून. हा अन्याय आहे, कबूल. आणि पहिल्या ध्वनिमुद्रणाबद्दल तुम्हीच बरोबर आहात. हायफेट्झने कंडक्टर बीचमबरोबर लंडनमधे १९३५ साली हा कॉन्चेर्टो मुद्रित केला, म्हणजे नेव्हूच्या दहा वर्षं आधी. तुमच्या मुद्द्यात मीच भर घालते : मधे १९४३ साली बर्लिनमधे आन्या इग्नाटियस या फिनिश बाईंचंही ध्वनिमुद्रण झालं होतं. तेव्हा नेव्हू पहिली तर नाहीच, दुसरीही नाही.

हळवेपणाचा आरोप मात्र मान्य नाही. १९४९च्या ऑक्टोबरात अझोर्स बेटांवर विमान कोसळून ती गेली, बरोबर तिचा पियानोवादक भाऊही. तीस वर्षांची होती. हे मला समजलं ते रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकल्यानंतर कितीतरी दिवसांनी. तोवर फक्त आवाज माहीत होता आणि त्या आवाजाने काम केलेलं होतं. आणि मरण राहू द्या, १९३५ साली वॉर्सात वीनियाव्स्की स्पर्धेत पंधरा वर्षांची ही मुलगी पहिली आली तेव्हा दुसरा आलेला गडी सव्वीस वर्षांचा डेव्हिड ऑइस्त्राख होता, पुढे जगभर गाजलेला व्हायोलिनवादक. तिला कुणाच्या सहानुभूतीची गरज नाही.

ऑर्केस्ट्रा विस्कळीत आहे, हे खरं. पण तो कोणता ऑर्केस्ट्रा आणि कधीचा, हेही बघा. लंडनचा फिलहार्मोनिया. त्याची पहिली जाहीर मैफल ऑक्टोबर १९४५ची आणि हे ध्वनिमुद्रण नोव्हेंबरातलं, ॲबी रोड स्टुडिओत, कंडक्टर वॉल्टर सस्किंड. महायुद्ध संपून जेमतेम काही महिने झालेले. त्यात ७८च्या तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांची. तेवढा तुकडा एका दमात वाजवायचा, फसला तर ती बाजू पहिल्यापासून पुन्हा. फितीचे तुकडे कापून जोडण्याची सोय नंतरची, हायफेट्झच्या शिकागोच्या वेळी ती आलेली होती. त्याने ती किती वापरली हा माझा मुद्दा नाही, त्याला गरजही पडली नसेल. पण दोन्ही मुद्रणांतले चुकलेले सूर मोजून एकाला नापास करायचं, तर दोघांचा पेपर एकच हवा ना?

आता मुख्य भांडण. तुमचा सगळा भर 'चुकत नाही' यावर आहे, आणि माझी अडचण नेमकी तिथे सुरू होते.

सिबेलियसला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. वाद्य नीट शिकायला लागला तो उशिरा, चौदा-पंधराव्या वर्षी. तरी स्वप्न सुटलं नाही. १८९१ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकमधे जागा मिळावी म्हणून तो परीक्षा द्यायला गेला आणि नाकारला गेला. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी त्याने हा कॉन्चेर्टो लिहिला. आयुष्यात एकच. ज्याला हे वाद्य वश झालं नाही त्याने त्या वाद्यासाठी लिहिलेलं हे संगीत आहे. यातली अवघड जागा म्हणजे वरून लावलेली जर नव्हे, ते लुगड्याचंच सूत आहे. ती जागा सोपी ऐकू आली की माझ्यापुरतं काहीतरी गळून जातं. नेव्हू वाजवते तेव्हा चढ जाणवतो, गजाला तार ओढून न्यावी लागते हे कळतं. हायफेट्झ वाजवतो तेव्हा डोंगर नसतोच, हमरस्ता असतो. सुंदर, स्वच्छ, वेगवान हमरस्ता. 'थंड' हा शब्द आळशी होता. मला म्हणायचं होतं ते हे.

यावर तुम्ही काय म्हणाल ते ओळखून आहे. सिबेलियसनेच १९०५ साली हा कॉन्चेर्टो सोपा केला की! खरं आहे. १९०४च्या फेब्रुवारीत हेलसिंकीत पहिला प्रयोग झाला तो पडला. (मुळात तो जर्मन व्हायोलिनवादक विली बुर्मेस्टर वाजवणार होता. सिबेलियसला पैशांची निकड, थांबवेना, म्हणून तिथल्याच व्हिक्टर नोव्हाचेकच्या हाती दिला. १९०५ला बर्लिनमधे सुधारलेली आवृत्ती झाली ती रिचर्ड स्ट्राउसच्या हाताखाली, पण तेव्हाही व्हायोलिन कारेल हालिरचं. बुर्मेस्टर असा दुखावला की त्याने हा कॉन्चेर्टो जन्मात वाजवला नाही. माझी सहानुभूती त्याच्याकडे आहे.) मूळ आवृत्ती पुढे कित्येक दशकं बंद होती. सिबेलियसच्या घरच्यांच्या परवानगीने व्हायोलिनवादक लिओनिदास कावाकोसने ती कंडक्टर ओस्मो वान्स्कांबरोबर १९९१च्या सुमारास मुद्रित केली, दोन्ही आवृत्त्या एकाच सीडीवर. ऐकून बघा. पहिल्या भागात तिथे दोन कॅडेन्झा (ऑर्केस्ट्रा थांबवून एकट्याने वाजवायचे तुकडे) आहेत, त्यातली दुसरी सिबेलियसने पुढे उडवली. काढलं ते मिरवणं होतं, भार तसाच ठेवला. राहिलेली कॅडेन्झा तर भागाच्या ऐन मधे येते आणि इतर कॉन्चेर्टोंमधे ऑर्केस्ट्रा जे विस्ताराचं काम करतो ते एकट्या व्हायोलिनवर टाकते. वादकाची सोय बघणारा माणूस असं लिहीत नाही.

आणि हो, मैफलीची फूटपट्टी लावते. दुसरी कुठली लावू? माझी आत्या व्हायोलिन वाजवायची ते खाली बसून, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकवून. या वाद्याशी माझी ओळख तिथली. डी. के. दातारांचं व्हायोलिन गातं असं घरात सगळे म्हणायचे, तेव्हा वाद्याने गायचं असतं हे लहानपणीच डोक्यात बसलं. त्या कानाने सिबेलियसचा आरंभ ऐका. खाली ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनांची कुजबुज, डी मायनर, आणि तिसऱ्याच क्षणी सोलो येतो. डीला षड्ज धरा : त्याचे पहिले तीन सूर म, प, सा. म्हणजे तो मध्यमावर उभा राहतो, जिथे खालच्या सुरावटीत त्याला जागाच नाही, आणि मग घरी उतरतो. नेव्हू त्या मध्यमावर थांबते. हायफेट्झ त्याच्यावरून जातो. एवढ्या एका सुरासाठी मी क्रमवारी लावली असं तुम्ही म्हणालात, तर नाही म्हणणार नाही. घसीट 'जुनाट' वाटते म्हणता, तर तुमच्या हायफेट्झला पुन्हा ऐका. त्याच्याइतकी घसीट आज कुणी केली तर परीक्षक भुवया उंचावतील. तिथे आपलं दोघांचं जमायला हरकत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर शिकागोचं ध्वनिमुद्रण तीनदा ऐकलं, हेडफोन लावून, कुकर बंद ठेवून. दुसऱ्या भागात मी हरले. मधलं वादळ ओसरल्यावर मूळ धून ऑर्केस्ट्राकडे जाते आणि व्हायोलिन तिच्याभोवती चढत राहतं, तिथे बहुतेक जण रेंगाळतात, डोळे पुसतात. हायफेट्झ रेंगाळत नाही, आणि न रेंगाळल्यामुळेच ती जागा जास्त लागते. कॅडेन्झातही तो भागाचा आकार सुटू देत नाही, नेव्हू एकदोनदा सोडते. व्हायोलिन माईकच्या इतकं जवळ आहे की ऑर्केस्ट्रा शेजारच्या खोलीत वाटतो, ही माझी तक्रार मात्र अजून आहे.

तिसऱ्या भागात तडजोड नाही. त्याच्यावर सिबेलियसने लिहिलंय 'आलेग्रो, मा नॉन तांतो'. वेगात, पण फार नाही. एका इंग्रज समीक्षकाने याला ध्रुवीय अस्वलांचं पोलोनेझ (एक पोलिश नाच) म्हटलं होतं. अस्वल जड असतं, म्हणून त्याचा नाच बघण्यासारखा असतो. हायफेट्झची अस्वलं भलतीच सडपातळ आहेत.

ऑइस्त्राखचं कंडक्टर ऑर्मंडीबरोबरचं ध्वनिमुद्रण मी दुसरं ठेवलं, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे मान्य असावं. क्युंग-व्हा चुंगचं १९७०चं, प्रेव्हिनबरोबरचं, तुम्ही ऐकलं नसेल तर आधी ते ऐका आणि मग मला शिव्या घाला. हिलरी हानबद्दल माझं मत अजून बनत नाहीये.

लेखात दोन बदल केले आहेत. 'पहिलं ध्वनिमुद्रण' हे शब्द काढले. 'थंड' तसाच ठेवून खाली तारखेसह दुरुस्ती जोडली, कारण त्यावर तुम्ही इतकं लिहिलंत की तो उडवला तर तुमची प्रतिक्रिया अधांतरी राहील. हायफेट्झ चौथ्यावरून तिसऱ्यावर आला आहे.