'दिला' हे क्रियापद मागे घेतो, जेवण नाही

नमस्कार वसईकर,

लिस्बनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी चार दिवस नुसती वाचत होतो. नाव न देता 'एक वसईकर' एवढीच सही केलीत, म्हणून तशीच हाक मारतो. ज्यांना ती दिसली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: ज्यांनी गोव्यात नि वसईत देवळं पाडली, माणसं बाटवली, त्यांच्या राजधानीत हा गृहस्थ नऊ दिवस बोटं चाटत बसला आणि त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. वर 'पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला' म्हणून त्यांचेच उपकार मानतो. पहिल्याच रात्री न मागवलेल्या चीजचे पैसे मोजतो, तरी कौतुक. आणि इतक्या लांब जाऊन गल्लीबोळातल्या खाणावळीत जेवणारा माणूस प्रवासी नव्हे, खादाड.

शेवटचा आरोप मान्य. त्यावर वेळ घालवत नाही.

'दिला' हा शब्दही चुकलाच. पाव त्यांनी आणला तो स्वतःच्या जेवणासाठी. इथे खमीर मिळेना, तर माडाची सुर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवलं गेलं, आणि भट्टीपुढे घाम गाळला तो गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी. यात कुणी कुणाला काही 'दिलं' नाही. क्रियापद बदलतो.

पण मला इतिहास ठाऊक नाही असं जे तुम्ही गृहीत धरलंत, ते जरा लागलं. मी मालवणकडचा. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पावाला प्रवेश नव्हता. आम्हा पोरांना पाव मिळायचा तो पडवीत, चहात बुडवून, आणि हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याची गोष्ट तिच्याकडूनच ऐकली. तुमच्याकडेही ती नक्कीच सांगत असतील. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 साली सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. त्याआधी ते आमच्या पडवीत होतंच. लिस्बनच्या लेखात ही पडवी यायला हवी होती. ती आली नाही, ही माझी चूक, आणि ती दाखवल्याबद्दल खरंच आभारी आहे.

आता त्या पहिल्या रात्रीचं. विमान उशिरा पोचलं. लिस्बनच्या मोरारीया वस्तीच्या चढावर, त्या गुळगुळीत दगडी फरसबंदीवरून बॅग ओढत मुक्कामी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि पोटात काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या खाणावळीत, म्हणजे तिथल्या भाषेत ताश्कात, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला सुरुवात झाली होती. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, एक खुर्ची परत सुलट केली आणि फक्त सूप उरलंय अशी खूण केली. काल्दू व्हेर्द: बटाटा शिजवून, घोटून केलेलं दाटसर पाणी, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं, वरून ऑलिव्हचं तेल आणि सॉसेजची एकच चकती. त्या पानांना ते कोव्ह म्हणतात. आपला 'कोबी' तिथूनच आला. बटाट्याला तर ते बटाटाच म्हणतात! परक्या देशात उतरल्यावर पहिल्याच ताटात दोन शब्द ओळखीचे निघावेत, याचा मला जो आनंद झाला तो उपकाराचा नव्हता. गर्दीत आपल्या गावचा माणूस दिसावा तसा होता.

चीजचं म्हणाल तर तिथे बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज असं समोर आणून ठेवतात. त्याला कुव्हेर म्हणतात. हात लावला तर पैसे, नाही लावला तर नाही. मला हे माहीत नव्हतं. आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं फुकट समजून सगळं संपवलं. यात लूट कसली? अडाणीपणा माझा. दुसऱ्या दिवसापासून नको असेल ते आल्याआल्याच परत पाठवत होतो, आणि 'मेया डोझ' म्हणायला शिकलो. मेया डोझ म्हणजे अर्धं ताट, आणि ते अर्धं ताटसुद्धा एका माणसाला पुरून उरतं. दुपारी काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असेल तिथे शिरायचं. त्यावर त्या दिवशीचा पदार्थ असतो.

तुमचा मूळ मुद्दा मात्र मी बाजूला सारत नाही. लिस्बनच्या बेलें भागात मी गेलो होतो. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, तिच्यापुढेही उभा राहिलो. तो सगळा नक्षीदार मठ पूर्वेकडच्या नि आफ्रिकेच्या व्यापारावर बसवलेल्या कराच्या पैशातून उभा राहिला. नदीकाठी दर्यावर्दी वीरांचं ते जहाजासारखं स्मारक आहे, 1960 साली बांधलेलं. त्यापुढे फरशीवर जगाचा नकाशा, आणि लोक त्यावर उभे राहून फोटो काढतात. म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधी हे लोक हे स्मारक बांधत होते. तिथे मला राग आला, हे कबूल.

आणि मग भूकही लागली. मठापासून चालत काही मिनिटांवर 1837 पासून चालणारं ते नाताचं, म्हणजे पेस्ट्रीच्या छोट्या गोड वाट्यांचं, दुकान आहे. मठ-आश्रम बंद पडायच्या काळात तिथली पाककृती बाहेर आली, असं सांगतात. वरून काळपट डाग पडलेली, आत अंड्याच्या पिवळ्याची खीर असलेली ती गरम वाटी हातात येते, आणि टेबलावर दालचिनीच्या पुडीची डबी असते. सगळे सहज भुरभुरतात. ज्या दालचिनीसाठी श्रीलंकेचा किनारा बळकावला, ती आता साखरेशेजारी प्लॅस्टिकच्या डबीत. कबरीपुढे जे मला नीट कळलं नव्हतं ते त्या डबीपुढे कळलं. मी सहा नाता खाल्ल्या. (लेखात चार लिहिल्या होत्या. घरचेही वाचतात.)

'ते सगळं मुळात आपलंच, त्यांनी पळवलं' हे तुमचं वाक्य मात्र टिकत नाही. मिरची, काजू, अननस, पेरू, बटाटा ही सगळी अमेरिकेची पोरं. मिरी न्यायला आलेल्या लोकांच्या जहाजांतून मिरची इथे पोचली, आणि आपण तिला मिरीवरूनच नाव ठेवलं. आज मिरचीविना मालवणी मसाला करून दाखवा. तुमच्या वसईतच ख्रिस्ती घरांत नाताळला सोरपोतेल आणि इंद्याल ही मांसाची कालवणं शिजतात. ती माणसं मराठी बोलतात, त्यांना तुम्ही परकं म्हणाल का? आणि उलट बाजूने बघा: चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. भीमाशंकरला जी मोठी घंटा टांगलेली आहे ती त्यातलीच. ती वाजवताना कुणाच्या मनात पोर्तुगाल येत नाही.

लिस्बनच्या कॅफेत काचेमागे क्रोकेट्सच्या शेजारी शामुसा ठेवलेला असतो. म्हणजे समोसाच, गोवा नि मोझांबिकच्या वाटेने गेलेला. मी पोऱ्याला म्हटलं, हा आमचा. तो म्हणाला, नाही, आमचा. आजी असती तर तिने त्यालाही पडवीत बसवला असता.

मी सर्वांत जास्त वेळा काय खाल्लं असं दुसऱ्या एकाने विचारलंय, तेही इथेच सांगतो: तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. आमच्याकडे तिसऱ्यांना खोबऱ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तिथे नुसतं ऑलिव्हचं तेल, ठेचलेला लसूण, तिसऱ्या, शिंपले उघडले की मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. युरोपात कोथिंबीर अशी मोकळ्या हाताने वापरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पदार्थाचं नाव आहे बुल्याँव पातू, एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीवरून. आपण कवीचं नाव फार तर चौकाला देतो. तळाशी उरलेला रस पावाने पुसून खायचा, चमचा मागायचा नाही.

जूनमध्ये असाल तर तारली. बारा तारखेच्या रात्री लिस्बनच्या आल्फामा वस्तीच्या गल्ल्यांत दारोदारी कोळशाच्या शेगड्या पेटतात, संत अंतोनीचा सण. भाजलेली तारली पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. मासा हाताने सोलून खायचा, आणि तोवर त्याची चरबी प्यालेला तो पाव शेवटी. मासे न खाणाऱ्या वाचकांनी 'पेशिन्यूश द ओर्ता' मागावी, म्हणजे बागेतले छोटे मासे. ती सरळ फरसबीची भजी आहेत.

तेव्हा 'दिला'च्या जागी 'आणला' असं आज लेखात दुरुस्त केलं आहे, आणि पडवीचा परिच्छेद जोडला आहे. पुढचा लेख लिस्बनजवळच्या सेतुबल या गावावर येतोय. तिथे मी काय काय पाहिलं म्हणाल, तर मासळीबाजार आणि तळलेली माकुलं. आधीच सांगून ठेवतो.